सांधा

दात कोरून पोट भरत नाही, असं जे म्हणतात
ते वेद-झेमला कधी आले नसावेत.
इथे तीन पिढ्या दातच कोरतायत.
माझा भाऊ बुअझ्झा सकाळी दोराने खाली जातो,
वीस हात, मग आडवा, कोपरांवर,
फॉस्फेटच्या पिवळट वाळूत,
जिथे उभं राहता येत नाही
आणि नीट खोकताही येत नाही.
संध्याकाळी आधी डबा वर येतो, मग तो.
हा क्रम मला आवडत नाही.

मी वर बसते. चाळते, धुते, जुळवते.
शार्कचा मोठा दात अख्खा क्वचितच निघतो.
एकाचं टोक शाबूत, मूळ गेलेलं;
दुसऱ्याचं मूळ दणकट, वर काहीच नाही.
मी त्यांची लग्नं लावते.
थोडा गोंद, वर त्याच थरातली वाळू,
ओलं असतानाच अंगठ्याने दाबायचं.
साडेपाच कोटी वर्षांत न भेटलेले दोघे
मग जन्मापासूनचे वाटतात.

मंगळवारी लिएजहून एक म्हातारा आला, ओदिलाँ नावाचा.
चाळीस वर्षं लोकांचे दात काढले, म्हणाला,
आता विकत घेतो.
दक्षिणेच्या ट्रकमधून आलेलं डायनासोरचं हाड
मी पिठाच्या गोणीतून काढून ठेवलं.
त्याने चष्मा काढला आणि सरळ जीभ लावली.
हाड खरं असेल तर जिभेला धरून ठेवतं,
सोडताना किंचित ओढतं.
राळेचं असेल तर नुसती चव लागते, आणि लाज.
धरलं.
म्हातारा डोळे मिटून तसाच,
वासरासारखा.

मग माझा सगळ्यात मोठा दात त्याने उन्हात धरला.
नख फिरवलं.
नख थांबलं, जिथे थांबायला नको होतं.
"खरा?"
टोक खरं, मी म्हणाले. मूळ खरं.
सांधा तेवढा माझा.
तो हसला नाही.
"बरा बसवलाय," एवढंच,
पण त्या धंद्यातल्या माणसाने म्हटलं
म्हणून मला दिवसभर पुरलं.

जाता जाता तो बारीक दातांचं ताट चिवडू लागला,
दिरहमला पाचवाले, पोरंटोरं नेतात ते.
बोट अडलं.
बाकी सगळे मधाच्या, चहाच्या रंगाचे,
आणि चिमटीतला हा एक दुधाचा.
"वरचा, डावा, पुढला," तो म्हणाला.
"वय सात. पडून फार तर आठवडा."
दारामागे इदिर, ओठ गच्च मिटलेले.

आमच्यात पडलेला दात सूर्याकडे फेकतात:
घे हा गाढवाचा, दे मला हरणाचा.
माझ्या पोराने तो ताटात टाकला होता.
सायकलची चेन हवी होती त्याला.

माझा हात उठला.
म्हातारा काही बोलला नाही, खाली बसला,
त्याचे गुडघे वाजले,
आणि सवयीने म्हणाला, "आ कर."
पोराने केला.
"नवा डोकावतोय. जीभ लाव. काय लागतं?"
इदिरने लावली, बराच वेळ.
"करवत."
"हो. शार्कसारखीच.
त्यांना जन्मभर नवी मिळत राहते.
तुझी दोन-चार वर्षांत घासून जाईल, तोवर वापर."

हाड त्याने घेतलं. जोडलेला दातही, निम्म्या भावात,
चिठ्ठीवर माझ्याकडून लिहून घेतलं: सांधा, तुदा.
अक्षर वाईट आलं.
दुधाचा दात ताटातच राहिला.

संध्याकाळी डबा वर आला, जड.
मी दोर पुन्हा खाली सोडला.
इदिर शेजारी, तोंडातल्या तोंडात काही तासत.
"मामा," त्याने विहिरीत तोंड घालून हाक मारली,
"मलापण करवत आलीय!"

खालून उत्तर यायला
नेहमी लागतो तेवढा वेळ लागला.