सव्वादोन आटे

आमच्या दरीत नळ ओततात.
निम्म्या युरोपाचं पाणी आमच्या पितळेतून पडायचं. आता नाही.
इथे लुमेझानेत, बंद ओतशाळेमागच्या डांबरावर
माझ्या दिराने खडूने पुन्हा वळणं आखली:
डावं, डावं, मग ते लांबलचक उजवं,
जिथे एकोणनव्वद साली सगळे उलटायचे.

नियम त्याने विजेच्या बिलामागे लिहिले.
गाडी सन दोन हजारच्या आधीची.
टायर रबराचे, दिवसभर एकच जोड.
इंधन सगळ्यांना एकाच पिंपातून.
चिप नको, संगणक नको, फेऱ्या ओरिएल्ला मोजेल, पेन्सिलीने.
आणि शेवटचा, खाली दोन रेघा मारून:
जिंकणाऱ्याचं इंजिन मागेल त्याला, साठ युरोत.
नाही म्हणायचं नाही.
"मग हजाराचं इंजिन आणेलच कोण?" एर्मेस म्हणाला.
हा खेळ पैशाने मेला, हे त्याचं पालुपद.

पहिल्या रविवारी चौघे. ऑगस्टपर्यंत एकोणीस.
दंतवैद्य फ्रांझोनी आला, बायकोला न सांगता.
कुंबा आली; तिचा बाप पॉलिशखात्यात होता,
सेनेगलहून आलेला, शेवटच्या यादीत घरी बसलेला.
तिची गाडी जुन्या बाजारातली,
दारावरचा आकडा नखांच्या लाल रंगाने काढलेला.

इंधनात एरंडेल असतं.
जळलं की गोडसर धूर केसांत बसतो, उशीपर्यंत येतो.
माझ्या आजोबांना काळ्या सदरेवाल्यांनी हेच तेल
भर चौकात बाटलीभर पाजलं होतं,
आणि मला त्याचा वास आवडतो. असो.

एर्मेसच्या गाडीतलं इंजिन देल्फिनोचं.
देल्फिनो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, माझा नवरा.
पिस्टन अंगठ्याच्या पेराएवढा.
क्रँक त्याने रात्रपाळीत घासलेला,
मुकादमाची पाठ वळली की थोडा थोडा.

सप्टेंबरात एर्मेस जिंकला.
हरता आलं असतं. शेवटच्या फेरीत त्याचं बोट
ब्रेककडे गेलेलं मी पाहिलं, आणि परत आलेलंही.

कुंबा आली. पन्नासची एक नोट, बाकी नाणी.
एर्मेसने माझ्याकडे पाहिलं.
मी पेन्सिलीला टोक करत होते. करत राहिले.
त्याने चार स्क्रू काढले, इंजिन फडक्याने पुसलं,
पुसून झालेलं पुन्हा पुसलं.
"सुई किती उघडी?" तिने विचारलं.
"अडीच आटे."

सव्वादोन. बारा वर्षं स्वयंपाकाच्या टेबलावर
मिठाच्या बरणीशेजारी ऐकलेला आकडा आहे तो.
अडीचने इंजिन बिघडत नाही, फक्त जड होतं,
धूर ओकतं, सरळ रस्त्यावर घसा बसल्यासारखं बोलतं.
पाव आटा त्याने स्वतःकडे ठेवून घेतला होता.
मी बोलले नाही. मलाही तो हवा होता बहुतेक.

पुढच्या रविवारी तसंच झालं.
कुंबा दोन शर्यतींत शेवटून दुसरी,
मागे धुराची शेपटी.
एर्मेस चाळीस युरोचं नवं इंजिन शिव्या देत फिरवत होता
आणि तिच्याकडे बघत नव्हता, फार लक्ष देऊन.

तिसऱ्या शर्यतीआधी ती गाडीपाशी उकिडवी बसली.
मान तिरकी केली. आम्हाला काही विचारलं नाही.
बारीक स्क्रूड्रायव्हर, जरासा पीळ.
ऐकलं. आणखी जरासा.
थुंकी लावलेलं बोट इंजिनच्या डोक्याला टेकवलं: चर्र.
मग गाडी सोडली.

सरळ रस्त्याच्या टोकाला तो आवाज आला.
तोच. वर चढत जाणारा, शेवटी किंचित फाटणारा,
ज्याला मी रात्री खिडकी लावायला सांगायची.

एर्मेस कठड्यावर ट्रिगर दाबायचा विसरला,
त्याची गाडी गवतात शिरून बंद पडली.
दंतवैद्याने नुसताच खिसा चाचपला, साठ आहेत का बघायला.
आणि माझ्या दोन फेऱ्या मोजायच्या राहिल्या.

त्या मी नंतर अंदाजाने लिहिल्या.
कुणाच्या नावावर, ते नाही सांगणार.