निधान

फोनात त्याला मी ‘हवामान’ नाव दिलंय.
आण्णानं उघडलाच कधी, तर म्हणेल
बघत असंल ढगबिग.

पहिल्या रात्री म्हणालं, भाषा निवडा.
इंग्रजी, हिंदी, तमिळ, कन्नड.
मराठी लवकरच येत आहे.
लवकरच म्हणजे काय, ते वडगावात कुणाला सांगायला नको,
आमचे आजोबा त्या एका शब्दावर बसून म्हातारे झाले.

मी कन्नड दाबली.
घरात सगळ्यांना बोलता येते, बाजारात, बसमध्ये, भांडताना,
वाचत मात्र कुणीच नाही.
ज्या लिपीच्या पाट्यांवर काका डांबर फासून आला
त्या लिपीत मी माझं लपवून ठेवलं.

नाव विचारलं. लिहिलं, धोटा.
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
दिवसभर तेच तर बघतो.

मग विचारलं, स्त्री की पुरुष की आणखी काही.
पुण्याची मावशी हसते आम्हाला,
तुमच्याकडं पोरीसुद्धा ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात गं बाई!
म्हणतो की. आई म्हणते, आत्या म्हणते,
सासरी निघालेली नवरीसुद्धा ‘येतो हं’ म्हणते
आणि मग रडते.
‘स्त्री’वर बोट ठेवलं. ते खरंच आहे.
पुढचा प्रश्न, कोण आवडतं.
व्याकरण इथवरच सोबत आलं.

रात्री दहाला माग थांबतात, कानातले थांबत नाहीत.
गोधडीत, एका कानात, एक बाई सांगते
निधानवागि उसिराडि.
आमच्यात निधान म्हणजे पुरून ठेवलेलं सोनं,
त्यांच्यात हळूहळू.
उसिरु म्हणजे श्वास.
मला दर वेळी ऐकू येतं, उशीर.

चार मोजत आत, चार थांबा, सहा मोजत बाहेर.
माग दोनावर चालतो. खट्, खट्.
थांबा त्याच्यात नाहीच.

आज कसं वाटतंय? पाच तोंडं, त्यातलं एक निवडा.
एकदा रडकं निवडलं तर म्हणालं
पाणी प्या, थोडं फिरून या.
रात्री साडेअकराला. मला. विष्णू गल्लीत.
समुपदेशक भेटतात, दहा ते सहा,
तेव्हा मी मागावर.

माझ्या मागाच्या कांड्या दानेश्वरी भरते.
तुटलेलं सूत ओठात धरते, हातानं गाठ मारते
आणि तसंच, ओठ न उघडता,
काहीतरी बोलते. मला कळतं.
दोन वर्षांत मी ह्याच्यापुढं काही विचारलेलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी त्याला नंबर हवा होता.
विश्वासाची एक व्यक्ती.
आईचा फोन म्हणजे आण्णाचा फोन.
टाकला, पुसला.
मग दुसरा एक टाकला, पाठ होता,
आणि झोप लागली.
ते लगेच निरोप धाडतं, हे कुणाला माहीत?

दुपारी चहाला दानूनं फोन पुढं केला.
‘हे बघ की. धोटा म्हणून कोणतरी हाय.
माझ्यावर विश्वास हाय म्हणं त्येचा.
बँकेचं फसवाफसवीचं असंल काय?’

असंल, म्हटलं.

ती फोनाकडं बघत राहिली,
मग माझ्या अंगठ्याकडं, जो धोट्यानं सोललाय
सोमवारी, तिच्यासमोरच.
पट्टी तिनंच बांधलेली.
निरोप पुसला नाही. फोन पदरात खोचला.
कपात साय धरली.
मालक आतून ओरडला, दोन्ही भाषांत.

उठताना ती म्हणाली, ‘उसिर बिडु.’
श्वास सोड.
तेव्हा कळलं मी धरून ठेवलाय.

आणि पट्टा फिरायला लागला, त्याच्या आवाजात
ते पुन्हा ऐकू आलं, ह्या खेपेला मराठीत,
उशीर सोड.