समजूत

चाळीस मीटरच्या बँडला तार लागते वीस मीटर.
आमच्या गच्चीनं दिली साडेतेरा.
टाकीच्या पाइपापासून निघते, कोपऱ्यावर वाकते
आणि माळकरांच्या शेवग्याला जाऊन अडते.
शेवगा तोडतील तेव्हा तोडतील.
तोवर मंगळवार पेठेत आमचं स्टेशन चालू.

दस्तगीरचाचा शिकलगार नवी पेटी बघायला आलेत.
उद्यमनगरात त्रेचाळीस वर्षं लेथ.
त्यांच्या हातचा जुना ट्यूनर अजून फळीवर आहे.
पीव्हीसीच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची कॉइल,
भंगारातल्या रेडिओचा कंडेन्सर,
आणि पितळी नॉब, स्वतः कातलेला,
कडेचं नर्लिंग इतकं बारीक
की बोटाला साखरेसारखं लागतं.

तो ट्यूनर ते कानांनी लावायचे.
खरखर वाढत वाढत जिथं फुगते
तिथून केसभर मागं.
मग पॉवर प्रेसनं आधी उजवा कान नेला,
नंतर, सावकाश, डावा.
लायसन आहे. हात आहेत.
खरखर तेवढी नाही.

मी बटण दाबते.
पेटीत रिले सुटतात,
टक टकटक टटक टक,
तव्यावर जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तसे.
चाचा झाकणावर करंगळी टेकवतात, डोळे मिटतात.
"एकवीस," म्हणतात.
"आन् शेवटी दोन मागं गेली."
तीन सेकंद.
पडद्यावर एसडब्ल्यूआर एक पूर्णांक दोन.

मला लई भारी वाटतं. त्यांना नाही.
"तार सरळ झाली?"
मी मान हलवते.
"लांब झाली?"
नाही.
"मग? पेटीनं सेटची समजूत घातली.
त्याला सांगितलं, फुडं सगळं बरोबर हाय, तू बोल.
तार हाय तशी वाकडी हाय.
केबलीत जायचं ते जाणारच."

आज सकाळीच मी आप्पांना सांगून आले होते
की सुशांत रविवारी फोन करतो म्हणालाय,
आणि सुशांतला, की आप्पा तुझी चौकशी करत होते.
दोघांपैकी कुणीच काही म्हणालं नव्हतं.
माझे रिले या पेटीहून हळू चालतात,
लगीन झाल्यापासून चालूच आहेत.

एवढ्यात लाईट जाते.
पंखा थांबतो. सेट बॅटरीवर आहे.
आणि सगळ्या पेठेतले चार्जर, ट्यूबा, इन्व्हर्टर
एकदम गप्प झाल्यावर
स्पीकरच्या तळाशी काहीतरी उरतं,
मुंगीच्या चालीचं,
डॅश, डॉट, डॅश, डॉट.
कुणीतरी कुणालातरी हाक मारतंय.

मी टोन उतरवते, आवाज पूर्ण सोडते,
चाचांचा हात धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवते.
तळहात दचकतो.
मग स्थिर होतो,
आणि त्यांचे ओठ अक्षरं जुळवायला लागतात.
"तेजपूर," म्हणतात. "हात जड हाय. नवा दिसतोय पोरगा."
डाव्या हातानं पाटी चाचपून
उजव्यानं माझी की ओढून घेतात.
नऊ वर्षांनी.

त्यांचा हात मात्र जड झालेला नाही.
तिकडून रिपोर्ट येतो, पाच सात नऊ.
चाचा हसतात.
"त्याला काय म्हाईत, हितं शेवग्याला बांधलंय."

खालून माळकरकाकूंचा आवाज.
आमच्या तारेनंच लाईट गेली का, विचारतायत,
आणि हे असंच चालणार असेल तर
उद्या झाडाचा निकाल लावते म्हणतायत.
चाचांना माझा चेहरा दिसतो.
"काय म्हनत्यात?"
मी पाटीवर लिहिते:
चहा घेणार का, विचारतायत.
"घेतो की," चाचा म्हणतात.
"साखर कमी सांग."