बॉनेटखालची जागा

कुर्ल्याच्या आतल्या गल्लीत, परकारच्या गॅरेजात
दोन इंजिनं जमिनीवर.
एक सहा सिलिंडरचं, ताडपत्रीवर लवंडलेलं,
कुणीतरी त्याच्यावर बनियन वाळत घातलंय.
दुसरं चारचं, जुन्या टायरच्या भोकात बसवलेलं,
गप्प.

मिलिटरीच्या लिलावातला माझा ट्रक
ठोकळ्यांवर उभा, जबडा उघडा, आत पोकळी.
परकार घड्याळ बघतो,
'चेनपुलीवाला सहाला जातो, बाय. तोवर बोल.'

मी मोठ्यापाशी उकिडवी बसते.
याचा आवाज ऐकलाय मी गेल्या रविवारी.
फरशीवरचे नटबोल्ट नाचले,
समोरच्या इडलीवाल्यानं पातेल्याचं झाकण दाबून धरलं.
पोटात काहीतरी हललं, खोटं कशाला बोलू.
पाय नुसता टेकवावा
आणि चढणीनं आपणहून मान खाली घालावी, तसलं काहीतरी.

'वजन?'
'छोट्यापेक्षा दीडशे किलो जास्त. सगळं नाकावर.
पुढचे पाटे नवे, रेडिएटर मोठा,
गिअरबॉक्स मात्र हाच. झेपलं तर झेपलं.
आरटीओचं तू बघ.
आणि सायनच्या सिग्नलला अडकलीस
की काट्याकडं बघायचं नाही.'

छोट्याबद्दल तो फारसं बोलत नाही.
एवढंच, की लो गिअर टाक, घाई करू नको,
चढेल. पोचेल तेव्हा पोचेल.
मग पोकळीत वाकून वितीनं मोजतो,
'दोन्ही अंगांना हात जातो बघ. स्टार्टर रानात काढशील.
मोठ्याला आधी मॅनिफोल्ड सोडव,
मग आईबाप आठव.'

मला गोराईची खाडी आठवते.
भरतीला दोन तास होते.
पुढं ओनिल फरगोजचा ट्रक, आमच्यात सगळ्यांत दणकट,
मागं मी, मामाच्या मरतुकड्या जीपमध्ये.
चिखलावरून माझी जीप गेली
पापडावरून मुंगी जावी तशी.
ओनिलचं नाक गेलं. आधी बंपर, मग दिवे.
तो जितका दाबत होता
तितकं इंजिन त्याला खाली नेत होतं.

मी वळून आले, दोर बांधला, ओढलं.
माझी चाकं जागच्या जागी फिरली.
क्लचचा वास नाकात बसला तो अजून आहे.
जी रुतली नाही तिच्यात ओढायचा दम नव्हता,
जिच्यात दम होता ती रुतलेली.
पाणी आलं.
आम्ही बांधावर बसून उकडलेली अंडी खाल्ली,
मीठ ट्रकमध्ये राहिलं होतं.
ओनिल बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
'टेप चालूय बघ अजून.'

हे परकारला मी सांगत नाही.
तो म्हणेल, विंच लाव.
बरोबरच आहे त्याचं.
पण विंचला बांधायला काहीतरी लागतं,
आणि तिवराला बांधलं तर तिवर हातात येतं.

पावणेसहा.
चेनपुलीवाला शिदाप्पा कप विसळून उभा राहतो,
त्याला घाई नाही असं दाखवतो.
'छोटं,' मी म्हणते.
परकार हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
आकडा अडकवतो.

छोटं उठतं, हवेत अर्धी गिरकी घेतं,
तेलाचे दोन थेंब माझ्या चपलेवर.
उतरतं. बसतं.
केवढी जागा उरली.
परकारच्या पोरानं हात घालून पाहिला, मग पाना ठेवला,
मग हसत हसत स्वतःचा डबा.

ताडपत्रीवरचं मोठं तसंच.
मी बनियन उचलून बाजूला ठेवते.
लोखंड उन्हानं अजून कोमट.
'हे महिनाभर विकू नकोस,' मी म्हणते.
'का?'
मला नीट सांगता येत नाही.
परकार गॅरेजभर नजर फिरवतो,
पाय ठेवायला जिथं फरशी नाही तिथं,
'जागेचं भाडं लागेल, बाय.'

मी पर्स उघडते.