रसकापूर

चावी माझ्याकडे आली तेव्हा नाशिकला थंडी सहा अंशांवर.
पहिल्या दिवशी मी एवढंच केलं:
खिडक्या उघडल्या, सातही लोखंडी कपाटं उघडली
आणि खाली जाऊन चहा प्यायले.
अर्ध्या तासाने दुसरा.
बंद कपाटाची हवा आधी जाऊ द्यायची असते.

आत अंजनेरीची खरपुडी, रामशेजचा तेरडा,
सप्तशृंगीच्या उतारावरची कुठलीशी गवतं,
पन्नास वर्षं वाळून पडलेली. एकालाही कीड नाही.
झुरळसुद्धा फिरकत नाही इकडे.
ही काही स्तुती नव्हे.

कागद उलटून बघा.
रोपाच्या पाठीमागे रोपाचीच करडी सावली उमटलेली.
सावली दिसली की हातमोजे. नायट्राइलचे, दोन जोड, एकावर एक.
फुंकर मारायची नाही.
झाडू नाही, व्हॅक्युम तर नाहीच नाही.
ओलं फडकं, आणि ते फडकं कुठेही धुवायचं नाही.

कचरू गांगुर्डे, प्रयोगशाळा परिचर, १९६८ ते १९९७,
हे सगळं उघड्या हातांनी करायचे.
निळ्या किनारीचा एनॅमलचा ट्रे,
स्पिरिटमध्ये विरघळलेली पांढरी पूड.
रोप बुडवायचं, निथळायचं, टिपकागदावर आडवं करायचं.
त्याच टेबलावर दुपारची भाकरी.
त्याच तळव्यावर तंबाखू, त्याच अंगठ्याने मळलेली.

लेबलंही त्यांचीच.
एकोणसत्तर: 'अंजनेरी, माचीच्या वर, खडकात.'
शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी.
शहात्तर: 'ण'चा दांडा जरा हललाय.
एक्क्याऐंशी: शिरोरेघ कुठे वर, कुठे खाली,
अक्षरं तिला धरून कशीबशी लोंबकळतात.
अठ्ठ्याऐंशीनंतर सगळं टाइप केलेलं.
हजेरीपुस्तकात मात्र सही लागतेच.
ती दरवर्षी बारीक होत जाते
आणि सत्याण्णवच्या मार्चमध्ये अंगठा.
लिहिता येणाऱ्या माणसाचा अंगठा.

तळच्या खणात बाटली सापडली.
तपकिरी काच, बुचाला मेण, आत आरतीच्या कापरासारखं काही.
वास नाही.
जड मात्र विलक्षण, मनगटाला आधी कळतं.
प्राचार्य म्हणाले, बेसिनमध्ये ओता, भरपूर पाणी सोडा.
बेसिनचं पाणी नाल्यात, नाल्याचं गोदेत,
पुढे नांदूरमध्यमेश्वरला मासे,
माशांवर बगळे,
आणि बाजारात पाटीवर तेच मासे.
भरपूर पाणी म्हणजे फक्त जास्त लांब.

बाटली मी बरणीत ठेवली, बरणी प्लास्टिकच्या डब्यात.
अल्युमिनियमचा चालत नाही, अल्युमिनियम तो खातो.
घातक कचरा नेणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं: एकशे ऐंशी ग्रॅम.
त्यांचं उत्तर: किमान पन्नास किलो असेल तरच गाडी येते.
तोवर बाटली माझ्या नावावर, कुलूप माझं.

रविवारी मखमलाबादला गेले.
गांगुर्डे पायरीवर, उन्हात. चहाची बशी मांडीवर,
उचलत नाहीत, वाकून पितात.
सून म्हणाली, कुणी आलं की आत जाऊन बसतात, आज बसले हेच नवल.
डॉक्टर म्हणाले होते, वय.
पन्नाशीतच म्हणाले होते.

मी सगळं जुळवून नेलं होतं, सावल्या, सह्या, सालं.
त्यांनी आधी विचारलं,
'खरपुडीला कीड लागली का?'
'नाही.'
हसले. बशीतला चहा हलत राहिला.

मग मी सांगितलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
दोन्ही तळवे उलटे करून पाहिले,
कपाटातला कागद उलटावा तसे.
मग म्हणाले, 'तो ट्रे नका हां देऊ पोरांना.
नाही, तिथे नाहीच तो. रिटायर झालो तेव्हा मी घेऊन आलो.'

शेवग्याखाली होता.
निळी किनार, कडेला टवके उडालेले,
दोन कोंबड्या पाणी पीत होत्या.

माझ्या पर्समध्ये हातमोज्यांचा एकच जोड होता.