दोन्ही निषाद

उद्यमबागेतली पहिली पाळी सुटली
की नखांतलं बीड घासून काढतो.
थोडं राहतंच.
ऑलिंडाबाईंच्या पांढऱ्या पट्ट्यांवर
माझी बोटं करडी उमटतात.
त्या बोलत नाहीत, ओला रुमाल पुढं करतात.

कॅम्पातलं घर. पियानोचा सगळ्यात वरचा सा
पावसाळ्यापासून मुका.

"डाव्या हाताला पंचम. त्यावर शुद्ध नी,
त्यावर मध्यम. हे तिघं हलायचे नाहीत.
आता रिषभ काढ."
काढला.
"त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी बोलाव."
कोमल रे आला, कोमल गंधार आला.
"धैवतही नको. त्याचेही शेजारी."
कोमल धैवत. आणि मग कोमल नी...
बाई, शुद्ध नी खाली वाजतोय की.

बाबा शहापुरात भजनाला पेटीची साथ करायचे.
दोन्ही निषाद त्यांनाही ठाऊक.
चढताना एक, उतरताना दुसरा,
जिन्यात गाठ पडू द्यायची नाही.
एकदा माझी दोन बोटं एकदम पडली
तर भात्यावरचा हात काढून
टपली मारली. भजन न थांबवता.

"दाब."
दाबलं.
लेथवरचं टूल बोथट झालं की
आधी दातांना कळतं, तसं.
"आता सा."
आणि ते चार आगंतुक
कुणी अर्धं पाऊल, कुणी एक पाऊल सरकून
कुठं कुठं बसले, मोजेपर्यंत
खोलीत जागाच जागा.

मग माझं डावं बोट उचलून बाईंनी
पंचमावरून कोमल रेवर ठेवलं.
"वरचं हलवू नको."
नी तोच. मध्यम तोच.
घर दुसरंच.
बेकिनकेऱ्याची आत्या सांगायची,
चूल होती तिथंच होती गा,
छप्पन साली सकाळी उठलो तर
राज्य बदललेलं.
दूध घालायला तोच गवळी.

रात्री बाबांची पेटी काढली.
एक हात भात्याला जातो, बोटं पुरत नाहीत.
पंचम सोडून दिला, धैवतही.
उरलेल्यांवर पंजा ताणला.
सुरांनी एकमेकांना कोपर मारलं.

महादेवी बैलहोंगलची.
आतून म्हणाली, "तप्पायतु?"
चुकलं काय, म्हणून.
मी गप्प. भाता सोडलेला.
भाकरी थापायचा आवाज थांबला.

"ते चुकलेलंच
परत वाजवा की."