अर्धं सूत

उद्यमनगरातनं आलो, हात दोनदा धुतले,
तरी ऑईलचा वास राहतोच.
समिधा दारातच म्हणाली, पप्पा, वाटाण्याला लागलंय.

हॅमस्टर. मुठीत मावतो, वर जागा उरते.
मागच्या पायाला जखम, फार तर अर्धं सूत.
चाकाच्या तारेत अडकला असणार.

मिठाचं कोमट पाणी, कापसाची वात.
हळद नको, डॉक्टर फोनवर म्हणाले, चाटंल तो.
भुसा काढला, टिश्यू अंथरला.

लेथवर मी श्वास रोखून माप धरतो.
इथं त्याचा श्वास बोटाला लागत होता,
मोजता येईना इतका भराभर.

एकदा चावला. बरं वाटलं.

रात्री चाक सोडवलं,
कानशीनं तारेचं टोक घासलं,
ओठावर फिरवून बघितलं.
परत घासलं.